व्हाळातला फणस आणि ४१ इंची बार: जागेवर फळ्या काढून देणाऱ्याचा अनुभव

चेनसॉ घेऊन ओंडक्यापाशी येतो आणि तिथेच फळ्या काढून देतो अशा माणसाला पाचपैकी चार स्टार. पाचवा का नाही ते खाली येईलच, पण ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. ओंडका तीन फुटांच्या आसपास जाड असेल, गाडी तिथपर्यंत जात नसेल आणि तुम्हाला अखंड रुंद फळ्याच हव्या असतील तर डोळे मिटून बोलवा. वासे-रिपा काढायच्या असतील तर उगाच पैसे घालवू नका, सरळ सॉ मिलला जा. नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यालाच नकोय, एकटा माणूस आणि एक मदतनीस, म्हणतो शिमग्यापर्यंतच्या तारखा आधीच भरल्यात, अजून फोन आले तर उचलू कधी आणि कापू कधी.

तर झालं असं. आमचं घर कणकवली-आचरा रोडवरून आत, घराच्या मागे उतार आणि खाली व्हाळ, म्हणजे ओढा. व्हाळाच्या काठाला आजोबांच्या वेळचा कापा फणस होता. मे २०२१ च्या तौक्ते वादळात त्याची एक बाजू पार फाटली, तेव्हापासून झाड खंगतच गेलं, नंतर नंतर फणस धरेनासे झाले आणि गेल्या आषाढात एका रात्री मुळासकट आडवं. नशीब मांगरावर, म्हणजे गोठ्यावर नाही आलं. फांद्या चुलीला गेल्या, राहिला बुंधा, नऊ फूट सरळसोट. दोरी लावून गोलाई मोजली तर बरोब्बर दहा फूट. वखारीचा हिशोब लावला, गोलाईची चौथाई अडीच फूट, अडीच गुणिले अडीच सव्वासहा, गुणिले नऊ, सव्वाछप्पन घनफूट. आणि हा वखारीचा हिशोब बरं का, म्हणजे विकणाऱ्याच्या तोट्याचा, गोल ओंडक्याचं पाचव्या हिश्शाहून जास्त लाकूड या चौथाईच्या हिशोबात धरलंच जात नाही. वजन म्हणाल तर ओला फणस, दीड टनाच्या वर नक्की.

आता हे धूड व्हाळातून वर काढायचं कसं? पाणंद जेमतेम बैलगाडीची, दोन्ही बाजूला गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणं, ट्रॅक्टर आणायचा तर शेजाऱ्यांचा गडगा पाडून परत रचून द्यायला लागला असता आणि शेजाऱ्यांशी आमचं सध्या बरं चाललंय, ते बिघडवायचं नव्हतं. सॉ मिलवाल्याकडे जाऊन आलो, त्याने माप ऐकलं आणि हसला, म्हणाला एवढा जाड माझ्या गाड्यावर चढणार नाही, उभा चिरून दोन भाग करून आणा मग बघू. अहो, उभा चिरता आला असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो!

आणि दोन भाग केले की संपलंच सगळं. मला झोपाळ्याची फळी हवी होती, अखंड. ओटीवरचा जुना झोपाळा आजोबांनी केलेला, तीही फणसाचीच फळी, दोन फूट रुंद आणि एकसंध, ती मधोमध तडकलीय. हल्ली दुकानात झोपाळा घ्यायला जा, चार-चार इंचाच्या पट्ट्या जोडून वर पॉलिश मारून देतात. त्यावर बसून चहा पिववत नाही मला, काय करणार.

मधला एक मूर्खपणा पण सांगतो, म्हणजे तुम्ही तो करणार नाही. माझ्या मावसभावाकडे ५८ सीसीचं चायना चेनसॉ मशीन आहे, बावीस इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी), आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तसलं. तो म्हणाला कशाला पैसे घालवतोस, आपणच चिरू की. फ्रेम नाही काही नाही, खडूची रेघ मारून त्याने वरून मशीन घातलं. पाऊण तास झाला, दीड फूट गेलं, रेघ एकीकडे आणि काप दुसरीकडे, बारमधून धूर, आणि शेवटी मशीन जे बंद पडलं ते पडलंच. मशीनला दोष नाही द्यायचा मला, ते फांद्या तोडायचं मशीन, त्याला आम्ही ओंडका चिरायला लावला. आडवं तोडताना दात तंतू तोडतो, पुढे जातो, भुगा सुटून बाहेर पडतो, दोन मिनिटांत काम संपतं आणि इंजिनाला उसंत मिळते. ओंडक्याच्या पूर्ण रुंदीत बार घालून नऊ फूट लांब जायचं म्हणजे पंधरा मिनिटं सलग फुल थ्रॉटल, सगळे दात एकाच वेळी लाकडात, इंजिनाला श्वास घ्यायला जागाच नाही. छोटं इंजिन त्यात तापून चिकटणारच. मावसभावाला पिस्टनचे पैसे मी दिले, ते या रिव्ह्यूच्या हिशोबात धरलेले नाहीत.

मग एका नातेवाईकांकडून या फळ्या काढणाऱ्याचा नंबर मिळाला. फोनवर त्याने पहिला प्रश्न विचारला तो लाकडाचा नाही, परवानगीचा. झाड तुमच्याच सातबाऱ्यातलं का, कागद केलाय का. मला आधी वाटलं टाळतोय, पण बरोबर होतं त्याचं. १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे ना, त्याच्या यादीत फणस येतो, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, साग, खैर सगळे येतात, झाड आपल्या जमिनीतलं असलं तरी. पडलेलं असलं तरी कागद करून ठेवलेला बरा आणि फळ्या गाडीत घालून बाहेर न्यायच्या असतील तर वाहतुकीचा पास वेगळा. माझा कागद झालेला होता, त्याचा फोटो पाठवल्यावरच त्याने तारीख दिली. ही गोष्ट मला आवडली.

तारीख दिली आणि आला बारा दिवसांनी. हे अर्धं स्टार इथे गेलं. रोज उद्या येतो, रोज उद्या येतो, मी दोन गडी सांगून ठेवलेले, त्यांचे दोन दिवस फुकट भरले. नंतर कळलं आधीच्या गावात चिंचेच्या ओंडक्यात अडकला होता. चिंच म्हणजे दगड, मान्य, पण फोन करायला काय होतं.

आला तेव्हा सकाळचे आठ. सामान गड्यांनी डोक्यावरून खाली उतरवलं. मशीन स्टिलचं एमएस ८८१, १२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट. अंदाज यावा म्हणून सांगतो, स्प्लेंडर ९७.२ सीसीची आणि तिची ताकद सहा किलोवॅटच्या आत, म्हणजे अख्ख्या मोटरसायकलपेक्षा जास्त जोर हा माणूस हातात धरतो. नुसतं इंजिन ९.९ किलो, त्याला बार, चेन, तेल-पेट्रोल आणि फ्रेम लावली की मला एकट्याला नीट उचलवेना. बार १०५ सेंटिमीटर, म्हणजे ४१ इंच. त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची अलास्कन फ्रेम बसवतात, बारला दोन टोकांना आवळलेली, वर दोन समांतर नळ्या, नळ्या आणि बार यांच्यातलं अंतर हवं तेवढं ठेवलं की तेवढ्या जाडीची फळी निघते. म्हणजे सुताराचा खतावणीचा खुंटा असतो ना, फळीच्या कडेला टेकवून रेघ मारायचा, तसंच, फक्त हा रेघेऐवजी कापतच जातो.

ग्यानबाची मेख अशी की बार ४१ चा असला तरी फ्रेमचे दोन्ही पाय त्याच्यावरच बसतात, त्यामुळे कामाला मिळतात ३६ इंच. माझा ओंडका ३८. हे मी फोनवर सांगितलं होतं, गोलाई दहा फूट म्हणून, त्याने मान्य केलं होतं, त्यामुळे मी जरा चिडलोच, पण तो शांतपणे म्हणाला दोन्ही कुशी एकेक इंच तासून देतो, तुमची फळी छत्तीस इंच भरेल, छत्तीस इंची झोपाळा कधी बघितलाय का. नव्हता बघितला. गप्प बसलो.

आधी साल काढली. कोयत्याने आणि कुऱ्हाडीने, पूर्ण ओंडक्याची, दोन तास गेले. मला वाटलं वेळकाढूपणा आहे, पण सालीत व्हाळाची वाळू आणि चिखल बसलेला असतो, त्यात चेन घातली की पाच मिनिटांत दात बोथट. मग फणसाचा चीक आहेच, झाड पडून पाच महिने झाले होते तरी कडेच्या लाकडात चिकटपणा होता, चेनवर बसतो, त्याला रॉकेल लागतं पुसायला, ते त्याने आणलं नव्हतं, आमचं गेलं.

पहिला काप हेच खरं काम, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. ओंडका गोल, फ्रेमला टेकायला सपाट जागाच नाही, म्हणून वर शिडी बसवायची. याच्याकडे अ‍ॅल्युमिनियमची सरळ शिडी, दहा फुटी, ती ओंडक्याच्या दोन टोकांना लाकडाच्या ठोकळ्यांवर स्क्रूने बसवली, मग दोन्ही टोकांना एकेक पट्टी आडवी ठेवून एका पट्टीच्या वरून दुसरीकडे एक डोळा मिटून बघत बसला, पाचर सारायची, परत बघायचं, परत सारायची. सूत लावलं, लेव्हल लावली, स्क्रू किती खोल गेले ते दोनदा तपासलं कारण चेन स्क्रूवर गेली की संपलं. हे सगळं दीड तास! मी दोनदा वर घरी जाऊन चहा घेऊन आलो. मनात म्हटलं याचे पैसे मी दिवसावर ठरवले नाहीत ते बरं झालं. पण पहिला काप जर पिळलेला निघाला तर दुसरी फळी त्याच पिळावर टेकून कापली जाते, तिसरी दुसरीवर, अकरा कापांपर्यंत तो पीळ तसाच उतरत जातो. आमच्या अकराही कापांत वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाडीत सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक नाही, एक जागा सोडून. ती पुढे सांगतो.

मशीन चालू झालं आणि व्हाळ हादरला. आवाज शंभर डेसिबलच्या वर, पलीकडच्या वाडीतले एक काका काठी टेकत आले, म्हणे "विमान उतरलां काय रे व्हाळात?" त्याच्या स्वतःच्या कानावर मफ, डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क, पायात बूट. मदतनीसाच्या पायात स्लीपर आणि कानात काही नाही, मी विचारलं तर हसला. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. चेन तुटली तर स्लीपरवाला पाय कुठे ठेवणार? दुसऱ्या दिवशी मी मुलाचे जुने बूट आणि कापसाचे बोळे दिले, त्याने बूट घातले, बोळे खिशात ठेवले.

कापतानाची गंमत अशी की तो ढकलतच नाही. ओंडका थोडा उताराला लावून घेतला होता, व्हाळाच्या बाजूला टोक खाली, मशीन आपल्याच वजनाने सरकतं, हा नुसता धरून कान देऊन उभा. आवाज जरा जड झाला की हात सैल, मोकळा झाला की परत टेकवायचा. भुगा पिठासारखा बारीक, पिवळाधमक, हळदीच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं. काप दोन फूट पुढे गेला की मागे मदतनीस लाकडाची पाचर ठोकतो, नाहीतर वरच्या फळीचं वजन बारवर बसतं आणि बार चिमटतो. पाचरी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या, लोखंडाची एकही नाही, कारण उघड आहे.

एका कापाला पंधरा मिनिटांच्या आसपास आणि टाकी जवळजवळ एक. टाकी १.३ लिटरची, म्हणजे अकरा कापांना साधारण बारा लिटर पेट्रोल, ते त्याच्याच दरात धरलेलं. तेल लिटरला २५ मिली घालतो. एरवी चांगल्या तेलाला २० मिली पुरतं म्हणे, पण चिरणीला इंजिन सलग तापतं म्हणून हा जरा जास्त घालतो आणि कार्ब्युरेटरही थोडा पेट्रोल जास्त खाईल असा ठेवतो. काप संपला की मशीन लगेच बंद करत नाही, मिनिटभर आयडलला ठेवतो, थंड हवा फिरली पाहिजे म्हणून. संध्याकाळी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेस्तोवर चालवलं. आताचं पेट्रोल इथेनॉलवालं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे हवेत पाण्याशिवाय असतं काय, त्यामुळे ठेवलेलं पेट्रोल हा वापरतच नाही. ही टीप ज्यांच्याकडे गवत कापायचं मशीन आहे त्यांनी पण घ्या.

आता मला या सगळ्यात जे कळलं ते. मी मोठ्या मशीनला पैसे देतोय असं समजून बसलो होतो. दोन दिवस बाजूला बसून बघितल्यावर लक्षात आलं की पैसे कानशीला आहेत. दर दोन कापांनी हा माणूस मशीन खाली ठेवतो, मांडी घालतो आणि एकेक दात घासतो, प्रत्येक दाताला तेवढेच हात, मोजून. बाजारातली साधी चेन आडवं तोडायला असते, तिच्या दाताचा कोन ३० अंश, ती अशा कामाला लावली की खडबडीत कापते आणि हिसडे देते. चिरणीच्या चेनचा कोन १० अंशांच्या आसपास, जवळजवळ सरळ, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत येतो. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की बार त्या बाजूला वाहत जातो आणि फळीला पोट येतं. घासल्यानंतर पहिला काप बारा मिनिटांत गेला, घासायच्या आधीचा अठरा मिनिटांत, मी मोबाईलवर वेळ लावून बघितलंय. तेच मशीन, तेच लाकूड.

पहिल्या दिवशी पाच काप झाले. सहाव्याला दुसऱ्या दिवशी सकाळी ठण्ण. मला पोटात गोळाच आला. त्याने आधी विचारलं होतं, झाडाला खिळे, तारा, काही ठोकलंय का, मी छातीठोक नाही सांगितलं होतं. निघाला खिळा, चार इंची, सालीपासून हातभर आत, बाजूचं लाकूड काळंनिळं पडलेलं. आईला विचारलं तर म्हणाली हो, तुझे काका कपड्यांची दोरी बांधायचे तिथे, तू लहान होतास. झाडाने पन्नास वर्षं गिळून ठेवला होता तो. आठ-दहा दात गेले, चेन बदलली, गेलेली चेन घासून वाचली पण तिचे त्याने पाचशे मागितले. मी आधी कुरकुर केली, मग दिले, चूक आमची होती. पण हे आधी ठरवायला पाहिजे होतं, खिळा लागला तर कोणाचे पैसे, त्याने स्वतःहून सांगायला हवं होतं. तुम्ही बोलावलंत तर आधी विचारा. घराजवळच्या झाडात काहीतरी असतंच, गुरं बांधायची कडी, कुंपणाची तार, दिवाळीच्या कंदिलाचा हूक.

त्याच खिळ्याच्या जागी ती एक खोट राहिली. चेन बदलून परत त्याच कापात बार घातला तर नेमका तिथे दोन सुताचा पायरीसारखा उंचवटा आला. रंध्याने जाईल असं तो म्हणाला, सुतार म्हणाला जाईल पण जाडी कमी होईल. दोघंही खरंच बोलले.

लाकूड वाया किती जातं हा प्रश्न मला सगळेच विचारतात, तर हिशोब घ्या. या चेनचा काप तीन सूत रुंद. अकरा काप म्हणजे तेहतीस सूत, म्हणजे चार इंच आणि वर एक सूत, एवढं लाकूड नुसतं भुगा झालं. दोन इंचाच्या दोन फळ्याच गेल्या म्हणा. सॉ मिलच्या पट्टीचा काप सूतभर सुद्धा नसतो. म्हणून म्हटलं वासे-रिपांना हे काम नाही, एकेक इंचाच्या पट्ट्या काढायला गेलात तर जेवढं लाकूड तेवढ्यातला चौथाईहून जास्त भुगाच. आजोबांच्या वेळी करवत्ये यायचे, एक ओंडक्यावर उभा, एक खाली, गेरूच्या दोरीने रेघ मारायची आणि दिवसभर ओढायचं, त्यांचा काप पण बारीक असायचा, पण आता ती माणसंही नाहीत आणि त्यांच्या खांद्याला लागेल एवढी मजुरी द्यायची आपली तयारीही नाही.

भुग्याचं एक. सहा-सात पोती निघाला, आईने मांगरात गुरांखाली घालायला सांगितला, मी नको म्हटलं. कारण चेनला घालायला याने पहिल्या दिवशी जळकं ऑईल आणलं होतं, गॅरेजमधलं काळं. फळीच्या कडेला काळे ओघळ आले, पिवळ्या लाकडावर ते फार दिसतात, आणि भुग्यात तर ते तेल मिसळलंच. बारच्या दुसऱ्या टोकाला पण तेल लागतं म्हणून तिथे एक डबी टांगलेली, थेंबथेंब, तीही तीच. मी बोललो तेव्हा दुसऱ्या दिवशी नवं चेन ऑईल आणलं, म्हणजे होतं त्याच्याकडे, आधी का नाही वापरलं? उरलेलं अर्धं स्टार इथे.

निघालं काय ते सांगतो. तीन इंची दोन, दोन इंची आठ, आणि वरची-खालची दोन पाठी, प्रत्येकी सहा-सहा इंच जाड, एका अंगाला गोल. मधल्या फळ्या पूर्ण ३६ इंच रुंद. शेवटची फळी सरकवून उलटी केली तेव्हा तिथे उभे असलेले सगळे गप्प झाले, एवढं पिवळं लाकूड मी बघितलं नव्हतं, पिकलेल्या गऱ्यासारखं. हा रंग राहत नाही, उन्हा-हवेने मधासारखा होतो आणि मग जुन्या घरातल्या फणसाच्या पेटाऱ्यांचा असतो तसा गडद तपकिरी. आई अंधार पडायच्या आधीपासून वरून हाका मारत होती, "पुरे कर म्हणा त्याका आता, देवाक दिवो लावची वेळ झाली," ती पण फळ्या बघायला खाली उतरली आणि झोपाळ्याची कुठली ते तिनेच ठरवलं. मी ठरवलेली नव्हे.

पैसे: कापलेल्या पृष्ठभागाच्या चौरस फुटाला ५५ रुपये, फळीची एकच बाजू धरून. अकरा कापांचे मिळून २७० फूट भरले, १४,८५०. शिडीच्या पहिल्या सेटिंगचे वेगळे १,५००, खिळ्याचे ५००, माझे दोन गडी आणि सगळ्यांचं दोन दिवसांचं जेवण वेगळं. माप त्याने माझ्यासमोर टेपने घेतलं, वहीत लिहिलं, मी मोबाईलवर गुणाकार केला, दोघांचा जुळला. घासाघीस केली तेव्हा साडेतीनशे सोडले. स्वस्त आहे का? नाही. पण तीन फुटी अखंड फणसाची फळी कुठे विकत मिळते ते मला सांगा, मग आपण महाग-स्वस्त बोलू.

जाताना त्याने फळ्या रचून दिल्या, हे त्याच्या कामात नव्हतं तरी. मांगरात सावलीला, खाली चिऱ्यांची ओळ एका पातळीत, मग प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर आणि सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत, रेषा चुकली की फळी वाकते. सगळ्यात वर परत चिरे, वजनाला. टोकांना जुना ऑईल पेंट दोन हात, कारण लाकूड टोकाकडून लवकर सुकतं आणि टोकंच आधी तडकतात. आमच्या आजोबांकडे हेच काम शेणाने व्हायचं. कडेला जे फिकट पांढरट लाकूड असतं त्याला भुंगा लागतो, आतल्या पिवळ्याला सहसा लागत नाही, वाळवीसुद्धा त्याच्या वाटेला फारशी जात नाही. मी पांढऱ्या पट्ट्यावर बोरॅक्स-बोरिकचं पाणी मारून घेतलं. काका म्हणाले झाड अवसेला पडलं असतं तर हे पण लागलं नसतं. आता झाडाला पंचांग कुठे दाखवायचं.

सुकायला इंचाला एक वर्ष धरतात, म्हणजे दोन इंचीला दोन वर्षं, तीन इंचीला तीन, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड सुकायच्या ऐवजी पाणी प्यायलाच बसतं, त्यामुळे मी त्याच्यावर थोडं जास्तच धरलंय. घाई करणारे भट्टीत सुकवून घेतात, पण छत्तीस इंची फळी भट्टीपर्यंत न्यायची म्हणजे परत तोच गडगा. आतापर्यंत दोन महिने झालेत, दोन फळ्यांना टोकाला वीतभर चीर गेलीय, मधल्या गाभ्याच्या फळीला जरा जास्त, बाकी सगळ्या सरळ आहेत.

पाठींचं काय करायचं कळत नव्हतं. एक व्हाळाकडेच ठेवली, गोल बाजू खाली करून, दोन चिऱ्यांवर. संध्याकाळी ते काठीवाले काका तिथे येऊन बसतात आता, परवा म्हणत होते दुसरी पण इथेच आणून ठेव, समोरासमोर.